चौतीस पौंडांचा टाइपरायटर

मंडळी, चौतीस पौंड म्हणजे किती हो? पौंडाचा हिशेब आता आमच्या वयाच्या लोकांशिवाय कुणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगते. जवळजवळ साडेपंधरा किलो. काठोकाठ भरलेली मोठी कळशी घ्या, किंवा चार वर्षांचं गुटगुटीत मूल कडेवर घ्या, तेवढं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वॅडली नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथे सदर्न बेल या टेलिफोन कंपनीत लोरीना वीक्स नावाच्या बाई कारकुनी करत असत. त्यांच्या टेबलावरचा टाइपरायटर चौतीस पौंडांचा. तो त्यांनी स्वतःच उचलायचा, स्वतःच ठेवायचा. कंपनीची त्याला काही हरकत नव्हती.

१९६६ साली कंपनीत स्विचमनची जागा निघाली. स्विचमन म्हणजे एक्स्चेंजमधली यंत्रं तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची. पगार कारकुनापेक्षा चांगला. वीक्सबाईंची नोकरी तेव्हा एकोणीस वर्षांची झालेली होती. त्यांनी मार्च महिन्यात अर्ज केला. दुसरा अर्ज एकच, एका पुरुषाचा, आणि तो त्यांच्यापेक्षा कनिष्ठ. एप्रिलमध्ये बाईंचा अर्ज परत आला. ही जागा बायकांना द्यायची नाही असं कंपनीनं ठरवलं होतं, आणि जागा त्या कनिष्ठ पुरुषाला मिळाली.

कारण काय, तर या कामात तीस पौंडांहून थोडं जास्त वजनाचं एक यंत्र उचलावं लागतं. जॉर्जियात तेव्हा नियमच होता की बायकांना आणि अल्पवयीन मुलांना तीस पौंडांहून जास्त वजन उचलायला लावायचं नाही. (बायका आणि मुलं एकाच ओळीत, हे लक्षात घ्या.) चौतीस पौंडांचा टाइपरायटर मात्र या नियमात कसा कोण जाणे बसत होता!

वीक्सबाईंनी नियम नीट वाचला आणि वरिष्ठांना सांगितलं की मग टाइपरायटरही उचलणार नाही. पत्रं हातानं लिहायला लागल्या. त्यांना निलंबित केलं गेलं. मला ही बाई इथूनच आवडायला लागली.

अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला होता. वर्ण, धर्म, वंश यांबरोबरच स्त्री की पुरुष यावरूनही नोकरीत भेदभाव करायचा नाही, असं त्यात होतं. त्याच्या आधारानं त्या कोर्टात गेल्या. १९६७ साली खालच्या कोर्टात हरल्या. अपिलात त्यांचा खटला लुइझियानाच्या सिल्व्हिया रॉबर्ट्स या वकीलबाईंनी चालवला. त्या चणीनं अगदी लहानखुऱ्या. युक्तिवाद करता करता त्यांनी कामातली ती जड वस्तू एका हातानं उचलून कोर्टात फिरवून दाखवली, अशी आठवण सांगतात.

इथे जरा माझं सांगते. साधारण १९८८ची गोष्ट. आमच्या शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत माझं नाव वर होतं. हेडमास्तर सज्जन माणूस, आवाज चढवून कधी बोलले नाहीत. मला बोलावून म्हणाले, "बाई, संध्याकाळी उशीर होतो, परीक्षेच्या वेळी पेपरांचे गठ्ठे घेऊन तालुक्याला जावं लागतं, तुम्हाला कशाला हा ताप?" माझ्या मागून चार वर्षांनी लागलेल्या सरांना ती जागा मिळाली. माझ्यावर उपकारच केल्यासारखं सगळ्यांचं वागणं. शाळेचं नाव लिहीत नाही; त्या दिवसांत अशा शाळा काही कमी नव्हत्या. घरी आले, चहा टाकला, वह्या तपासायला घेतल्या.

म्हणून वीक्सबाईंच्या खटल्याचा निकाल प्रथम वाचला तेव्हा मी दोनदा वाचला. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं, त्यामुळे डिक्शनरी मांडीवर घेऊनच वाचावा लागला, पण कळला. ४ मार्च १९६९चा निकाल. न्यायाधीश लिहितात, बायकांना हे जमत नाही असं कंपनीला म्हणायचं असेल तर ते कंपनीनं सिद्ध करावं. सगळ्याच किंवा जवळजवळ सगळ्याच बायकांना हे काम सुरक्षितपणे करता येणार नाही, असा पुरावा आणावा. कंपनीनं पुरावा आणलेलाच नाही, नुसतं गृहीत धरलंय. रात्री-अपरात्री बोलावणं येईल म्हणता, तर तसं बोलावणं येणाऱ्या दुसऱ्या बायका कंपनीत आहेतच की! आणि मग तो भाग, ज्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. बायकांची काळजी वाहण्याच्या नावाखाली त्यांना दूर ठेवायचं, ही जुन्या जमान्यातली हळवी पालकगिरी या कायद्याला मान्य नाही. काम कष्टाचं, धोक्याचं किंवा कंटाळवाणं असेल, पण जास्त पगारासाठी ते करायचं की नाही हे पुरुष आजवर स्वतः ठरवत आले. आता बायकाही स्वतःच ठरवतील.

बाई जिंकल्या. पण कंपनी इतक्या सहजी कसली ऐकतेय! प्रत्यक्षात ती जागा आणि मागच्या पगारापोटी एकतीस हजार डॉलर त्यांच्या हातात पडायला १९७१ साल उजाडलं.

हा निकाल लिहिणारे न्यायाधीश अपील कोर्टाचे नव्हतेच. शेजारच्या अलाबामा राज्यातून, मॉन्टगोमेरीहून, काही खटल्यांपुरते बसायला आले होते. त्यांचं नाव फ्रँक जॉन्सन. निकाल मी टाइपरायटरसाठी वाचला, पण मग या माणसाचंच वेड लागलं.

जॉन्सन १९१८ सालचे. अलाबामाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ विन्स्टन काउंटीतले. १८६१ साली गुलामगिरीवाली दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली तेव्हा अलाबामाही फुटलं, पण विन्स्टनवाल्यांनी विरोध केला होता. तिथली माणसं जरा हेकट म्हणूनच ओळखली जातात. जॉन्सन दुसऱ्या महायुद्धात पायदळात होते, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यांना मॉन्टगोमेरीच्या संघीय कोर्टात नेमलं. वय सदतीस.

आणि त्याच डिसेंबरात त्याच मॉन्टगोमेरीत बसवरचा बहिष्कार सुरू झाला. रोझा पार्क्स बसमधून उठल्या नाहीत, मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले, हे सगळं आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असतं. पण बसमधला भेदभाव कायद्यानं मोडला तो चार कृष्णवर्णीय बायकांनी केलेल्या वेगळ्याच दाव्यात. त्यातली क्लॉडेट कॉल्विन तर शाळकरी वयात बसमधून उठायला नकार देऊन अटक झालेली मुलगी. दावा तीन न्यायाधीशांपुढे चालला. ५ जून १९५६ला दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. बाजूनं मत देणारे दोघे म्हणजे वयानं मोठे रिचर्ड राइव्ह्ज आणि नवखे जॉन्सन. पुढे नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानंही तो कायम केला.

राइव्ह्ज यांचा तरुण मुलगा काही वर्षांपूर्वी मोटार अपघातात गेला होता. त्या मुलाच्या थडग्यावर लोकांनी कचरा टाकला. जॉन्सन यांच्या घरापुढच्या हिरवळीवर क्रूस पेटवला गेला. क्लू क्लक्स क्लॅनची ती ठरलेली धमकी. घाणेरडी पत्रं, रात्रीबेरात्री फोन. ओळखीची माणसं रस्त्यात तोंड फिरवायला लागली. संघीय मार्शलांचा पहारा घरावर बसला तो कित्येक वर्षं उठला नाही.

आपल्याकडे न्यायाधीशाचं धैर्य म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून निघून गेले. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं वर्गात सांगितली, दरवेळी वर्ग चिडीचूप. जॉन्सन यांची गोष्ट मला त्याहून अवघड वाटते. त्यांनी मॉन्टगोमेरी सोडलं नाही. त्याच गावात राहायचं, त्याच दुकानातून सामान आणायचं, सुट्टीला मासे धरायला जायचं, घरी सुतारकाम करत बसायचं, आणि सोमवारी पुन्हा त्याच कोर्टात. त्या कोर्टात ते चोवीस वर्षं बसले.

त्यांचा सगळ्यात मोठा विरोधक जॉर्ज वॉलेस. दोघं लॉ कॉलेजचे सोबती, एकेकाळचे मित्र. १९५९ साली वॉलेस स्वतः एका जिल्हा कोर्टाचे न्यायाधीश असताना, मतदार नोंदणीची कागदपत्रं द्यायला नाही म्हणाले. तुरुंगात जायची वेळ आली तेव्हा एका रात्री गुपचूप जॉन्सन यांच्या घरी आले आणि शिक्षा हलकी करा म्हणून गळ घातली. जॉन्सननी दाद दिली नाही. वॉलेसनी मग आतून कागदपत्रं देऊन टाकली, आणि बाहेर मात्र आपण सरकारला कसं नमवलं याची भाषणं ठोकली. पुढे गव्हर्नर झाल्यावर त्यांनी जॉन्सन यांच्याबद्दल जाहीरपणे काय काय उद्गार काढले ते इथे लिहीत नाही. नातवंडं वाचतात.

१९६७च्या मार्चमध्ये जॉन्सन आणि आणखी दोन न्यायाधीशांनी अलाबामातल्या जवळजवळ शंभर ठिकाणच्या शाळांमधला वर्णभेद एकदम संपवण्याचा हुकूम दिला. महिन्याभरात, २५ एप्रिलच्या रात्री, जॉन्सन यांच्या आईच्या घरी बॉम्ब फुटला. आईचं नाव, खरं सांगते, अलाबामा. अलाबामा लाँग जॉन्सन. त्या तेव्हा घरातच होत्या, सुदैवानं इजा झाली नाही. आईवर का? तर टेलिफोन डिरेक्टरीत तिथला नंबर फ्रँक जॉन्सन याच नावावर. वडील आणि मुलगा दोघांचं नाव एकच! बॉम्ब ठेवणाऱ्यांनी डिरेक्टरी पाहिली आणि हेच न्यायाधीशांचं घर समजले, असाच तर्क तेव्हा झाला.

न्यायाधीशाच्या खुर्चीभोवती पोलीस असतात, दारावर शिपाई असतो. घराचा पत्ता मात्र सगळ्यांसारखाच. २०२० साली न्यू जर्सीत एस्थर सालास या न्यायाधीशबाईंच्या दारात एक जण पार्सलवाल्याच्या वेषात आला. त्यांच्या कोर्टात दावा चालवलेला वकील होता तो. दार त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या, डॅनियलच्या समोर उघडलं. वीस वर्षांचा मुलगा जागीच गेला, नवरा जबर जखमी झाला. त्या मुलाच्या नावानं २०२२ साली कायदा झाला, न्यायाधीशांचे पत्ते इंटरनेटवरून काढून टाकण्यासाठी. डिरेक्टरी गेली, इंटरनेट आलं, एवढाच काय तो फरक.

असो. पुन्हा मॉन्टगोमेरीला येते. आईच्या घरावर बॉम्ब पडल्यानंतर हा माणूस जरा सांभाळून निकाल देऊ लागला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. वीक्सबाईंचा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी लिहिला आहे. आणि १९७२ साली तर त्यांच्यापुढे साक्षात अलाबामाच्या पोलिसांचा खटला आला.

हे साधेसुधे पोलीस नव्हेत, राज्याचे हायवे पोलीस. स्टेट ट्रूपर म्हणतात त्यांना. ७ मार्च १९६५ला सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चाला ज्यांनी लाठ्यांनी झोडपलं, अश्रुधूर सोडला, तेच. त्यानंतर दहा दिवसांनी मोर्चाला मॉन्टगोमेरीपर्यंत जायचा हक्क आहे असा निकाल देणारे जॉन्सनच. आता दावा होता नोकरीचा. या दलाला सदतीस वर्षं झाली होती आणि सदतीस वर्षांत एकही कृष्णवर्णीय ट्रूपर नाही. एकही नाही! कृष्णवर्णीय माणूस दलात होता तो हमाली-मजुरीला.

जॉन्सन यांचा हुकूम सरळ होता. एक गोरा घ्याल तर एक काळा घ्या. दलातले पाव ट्रूपर कृष्णवर्णीय होईपर्यंत असंच चालू ठेवा. आपल्या शाळांमधल्या कुणाही हेडक्लार्कला हे लगेच कळेल. बिंदुनामावलीचाच सख्खा भाऊ. त्यावर जे आक्षेप आपल्याकडे घेतात तेच तिकडेही घेतले गेले, शब्दसुद्धा तेच. माझं मत विचाराल तर सदतीस वर्षांच्या भोपळ्यापुढे दुसरं काय करणार? नुसतं 'यापुढे भेदभाव करू नका' म्हणून सोडलं असतं तर अडतिसावं वर्षही भोपळ्याचंच गेलं असतं.

खात्यानंही पळवाट काढलीच. ट्रूपरांची भरतीच आखडती घेतली. काळा घ्यावा लागतो ना, मग गोराही नको. १९७५ साली जॉन्सननी ते पकडलं. मग भरती झाली तर बढत्या अडल्या. १९७९ साली कॉर्पोरल आणि त्याहून वरच्या हुद्द्यांवर दोनशे बत्तीस जण होते, त्यात एकही कृष्णवर्णीय नव्हता.

त्याच वर्षी जॉन्सन बढती मिळून वरच्या अपील कोर्टात गेले. मॉन्टगोमेरीतल्या त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर १९८० साली नेमणूक झाली ती मायरन थॉम्प्सन या तरुण कृष्णवर्णीय न्यायाधीशांची. ट्रूपरांचं जुनं प्रकरण त्यांच्याकडे आलं. त्यांनी बढत्यांनाही तोच एकास एक नियम लावला, आणि १९८७ साली सुप्रीम कोर्टानं तो पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी उचलून धरला. म्हणजे १९७२ ते १९८७, पंधरा वर्षं. दहावी झालेला मुलगा संसाराला लागतो तेवढ्यात.

ट्रूपरांच्या निकालाच्या वर्षीच आणखी एक खटला झाला. मॉन्टगोमेरीच्या हवाई दलाच्या तळावर शॅरन फ्रॉन्टिएरो नावाची लेफ्टनंट होती. पुरुष अधिकाऱ्याला बायकोसाठी घरभत्ता आणि औषधोपचार आपोआप मिळत. हिनं नवऱ्यासाठी मागितले तर नवरा निम्म्याहून जास्त तुझ्यावर अवलंबून आहे हे सिद्ध कर म्हणाले. तिघा न्यायाधीशांच्या खंडपीठात ती दोन विरुद्ध एक अशी हरली. तो एक म्हणजे जॉन्सन. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं. तिथे रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी सुप्रीम कोर्टात पहिल्यांदा तोंडी युक्तिवाद केला. पुढे त्या तिथल्याच न्यायाधीश झाल्या हे तुम्हाला माहीत आहेच.

जॉन्सन १९९९ साली वारले, अंथरुणात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याआधी १९९५ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, आणि मॉन्टगोमेरीच्या कोर्टाच्या इमारतीला त्यांचंच नाव दिलं गेलं. इतकं सगळं होऊनही ते वाचले. त्यांचे एक सहकारी वाचले नाहीत.

अपील कोर्टात जॉन्सन यांच्याबरोबर रॉबर्ट व्हान्स नावाचे न्यायाधीश होते, तेही अलाबामाचेच. १६ डिसेंबर १९८९, शनिवार, नाताळ तोंडावर आलेला. बर्मिंगहॅमजवळच्या त्यांच्या घरी टपालानं एक खोकं आलं. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्यांनी ते उघडलं आणि स्फोट झाला. वय अठ्ठावन्न. बायको हेलन तिथेच होत्या, त्या गंभीर जखमी झाल्या. दोनच दिवसांनी सव्हाना शहरात रॉबर्ट रॉबिन्सन हे नागरी हक्कांचे खटले लढवणारे कृष्णवर्णीय वकील अशाच खोक्यानं गेले. आणखी दोन बॉम्ब, एक अटलांटातल्या त्या अपील कोर्टाच्या इमारतीत आणि एक जॅक्सनव्हिलला, वेळीच सापडले.

बॉम्ब पाठवणारा वॉल्टर मूडी. आधी वर्णद्वेष्ट्या लोकांचं काम वाटलं, आणि त्यानं पत्रंही तशीच लिहिली होती. पण मुळाशी होता १९७२ साली बॉम्ब बाळगल्याबद्दल त्याला झालेल्या शिक्षेचा राग. ती शिक्षा पुसून टाकायला त्या कोर्टानं नकार दिला होता. सतरा वर्षं मनात धरलेला डूख. १९ एप्रिल २०१८ रोजी अलाबामात त्याला मृत्युदंड दिला गेला, तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता.

हेलन व्हान्स त्या स्फोटातून बऱ्या झाल्या, पुढे वीस वर्षं जगल्या. त्यांचा मुलगाही वकिलीत गेला. त्याचं नावही रॉबर्टच, वडिलांचंच. २००२ साली तो बर्मिंगहॅममध्ये न्यायाधीश झाला.